थोबाडाला प्रायमर

सोमवार, ६ जानेवारी

नातीने आज माझं तोंड मागितलं. उसनं, परीक्षेपुरतं!

म्हणाली, "आजी, पार्लरच्या कोर्सची शेवटची परीक्षा आहे, अठ्ठावीस तारखेला. प्रत्येकीने साठीच्या पुढची एक बाई आणायची. तिची त्वचा कुठल्या प्रकारची ते ओळखायचं, आणि त्या त्वचेला सोसेल असा मेकअप करायचा. तू येशील ना?"

मी म्हटलं, "साठी कसली, मी सत्तरीच्या पुढची आहे. जास्त मार्क देतात का?"

हसली नाही. मग कळलं, पोरगी घाबरलीय. मागच्या खेपेला नापास झाली होती. आणि तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, सांगून ठेवलंय — "ह्या वेळी पास झालीस तर बस स्टॉपसमोरच्या मोठ्या पार्लरात खुशाल जा, मी आडवा येणार नाही. नापास झालीस तर एक तारखेपासून दुकानात माझ्याशेजारी बसायचं." दुकान म्हणजे आमचं रंगाचं. भिंतीचे रंग, दाराखिडक्यांचे रंग, ब्रश, खड्डे बुजवायची लांबी, टर्पेंटाइन. पोरीला टर्पेंटाइनचा वास आला की डोकं धरून बसते. आणि त्या मोठ्या पार्लरवाल्यांनी सांगितलंय, जागा आहे, पण पास झाल्याचा कागद आणा.

बरं, म्हटलं, घे तोंड. नाही तरी ते सध्या बोलण्याशिवाय कशाला लागत नाही.

मी तिला खारूताई म्हणते. लहानपणापासून डब्या साठवते. आज तिने कपाट उघडून दाखवलं. तेवीस डब्या! त्यात नऊ नुसत्या गुलाबी. विचारलं, ह्यांच्यात फरक काय? तर म्हणे हा पीच, हा कोरल, हा रोझ. मला तर सगळे सख्खे भाऊ दिसले.

(मनगट मोडलं होतं त्याचं प्लास्टर निघालं. व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, रोज थोडं लिहा, बोटं मोकळी होतील. बोटांचं बघू. जीभ आधीपासूनच मोकळी आहे.)

बुधवार, ८ जानेवारी

आज शिकवणी झाली. तिने वही उघडून मला शिकवलं, म्हणजे तिचं पाठ होतं म्हणे. माझं डोकं उठलं.

त्वचा पाच प्रकारची. साधी, कोरडी, तेलकट, मिश्र आणि नाजूक. तेलकटला पावडरीचा मेकअप, कोरडीला क्रीमचा. मिश्र म्हणजे नाकाकपाळावर तेल आणि गालावर दुष्काळ. नाजूक म्हणजे जरा काही लावलं की लाल होते — आमच्या सूनबाईंना बोललेलं लागतं तशी.

मग म्हणाली, "सगळ्यात आधी प्रायमर."

मी म्हटलं, "अगं मग विकत कशाला आणलंस? आपल्या दुकानात डबेच्या डबे पडलेत."

"आजी! तो भिंतीचा!"

"आणि हा?"

"हा चेहऱ्याचा. म्हणजे वरचा मेकअप नीट बसतो, निघत नाही."

"तेच तर. अस्तर म्हणतात त्याला. पुढे बोल."

पुढे फाउंडेशन. आता फाउंडेशन म्हणजे पाया ना? सत्तर वर्षं घर उभं आहे, पत्रे उडाले, खिडक्या खिळखिळ्या झाल्या, आणि ही आता पाया घालणार! त्याच्यावर कन्सीलर. डाग, खड्डे, काळी वर्तुळं झाकायला. म्हणजे लांबी. मग पावडर. मग गालाला रंग.

मी म्हटलं, खारूताई, तू बापाला सोडून लांब कुठे चाललीयस? हे सगळं त्याच्याच दुकानातलं आहे, नुसत्या डब्या बारीक.

तोंड फुगवून बसली. संध्याकाळी परत आली. "आजी, लांबीचं पुन्हा सांग. मला तसं चांगलं लक्षात राहतं."

गुरुवार, ९ जानेवारी

तिने माझ्या हनुवटीचे चार केस उपटले. मी तिला चार शब्द सुनावले. फिटंफाट.

शनिवार, ११ जानेवारी

आज सकाळी कागदाची परीक्षा. सांगून ठेवलं होतं — "आजी, उठलीस की तोंड धू, आणि मग तासभर काही लावू नकोस." धुतलं. तासाने आली, पातळ कागदाचे तुकडे घेऊन. एक कपाळावर दाबला, एक नाकावर, दोन गालांवर. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरले.

"आजी! हे बघ, आरपार दिसतंय. तेलकट! अगदी पूर्ण तेलकट!"

एवढा आनंद की जशी तेलाची विहीरच लागली. मी काय बोलणार? मला काय कळतं? एवढं आयुष्य गेलं, माझी कातडी कुठल्या प्रकारची हे मला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही. त्याने फक्त एवढंच विचारलं होतं की भांडायची सवय माहेरची आहे का.

वहीत लिहिलं तिने. "मॉडेल : आजी. वय ७३. त्वचा : तेलकट." खाली रेघ मारली. दोनदा.

बुधवार, १५ जानेवारी

शोभा झाली. लिहू की नको असं झालंय. पण बोटं मोकळी करायचीत.

आज क्लासमध्ये सराव परीक्षा होती. आठची बस धरायची म्हणून सकाळी घाईघाईत निघालो, गुडघ्यांना तेल चोळायचंही राहिलं. तिथे लांबच लांब आरसा, त्याच्यासमोर खुर्च्या, खुर्चीवर एकेक म्हातारी. सगळ्या अशा बसलेल्या जशा दात काढायला आल्यात.

खारूताईने मन लावून केलं. आधी तेल काढायचं पाणी लावलं, झोंबलं, मी बोलले नाही. मग तेलकट त्वचेचं म्हणून एकदम कोरडं फाउंडेशन. मग पावडर, वर पुन्हा पावडर. मी आरशात बघितलं. बरी दिसत होते. जरा चुन्याची निवळी फिरवल्यासारखी, पण बरी.

मग क्लासच्या मॅडम आल्या. "वा. आजी, जरा हसा बघू."

हसले.

पोपडा सुटला! डाव्या गालावर, बोटभर! नाकाच्या दोन्ही बाजूंना भेगा. डोळ्यांच्या कडांना तर जाळं झालं, कोळ्याने बघितलं असतं तर भाडेकरू म्हणून आला असता. मी हसू थांबवलं तर कपाळावरचं तडकलं.

शेजारच्या खुर्चीवर काम करणारी एक लांब नखांची मुलगी आहे. ती तिच्या मैत्रिणीला हळूच म्हणाली, "प्लास्टर पडलं." मला ऐकू आलं. मी म्हटलं, "हो बाई. तुझ्या नखांनी खरवडून दे, तेवढी तरी कामाला येतील."

पण मॅडमनी माझ्या गालावरून बोट फिरवलं आणि खारूताईला म्हणाल्या, "ही त्वचा कोरडी ठणठणीत आहे. तेलकट कुणी सांगितलं तुला? परीक्षेत असं केलंस तर पहिल्याच पायरीवर बाद."

पोरगी रडली नाही. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "मला जमतच नाही गं."

गुरुवार, १६ जानेवारी

गुन्हेगार सापडला. मीच!

सकाळी खाटेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. खारूताई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"आजी, काय करतेस?"

"दिसत नाही? गुडघे चोळतेय."

"आता काय केलंस?"

"हाताला उरलं ते पुसलं."

"कुठे?"

"तोंडाला. वाया कशाला घालवू?"

"रोज पुसतेस?"

"तुझा बाप रांगत होता तेव्हापासून."

"त्या दिवशी कागद लावायच्या आधी पण?"

मी आठवलं. धुतलं होतं तोंड, खरंच धुतलं होतं. मग तासभर काही लावायचं नाही म्हणून बसले. बसले म्हणून गुडघ्यांना तेल लावलं. आणि हात — हात काय, तो त्याच्या वाटेने गेला.

तिने चहा खाली ठेवला, जमिनीवर बसली आणि अशी हसायला लागली की सूनबाई स्वयंपाकघरातून पळत आल्या. "आई पडल्या की काय?"

"आई नाही पडल्या," खारूताई म्हणाली, "माझे मार्क पडले. आजीच्या गुडघ्यात!"

मला मात्र हसू आलं नाही. काल पोरीचा पाणउतारा झाला तो माझ्या हातामुळे. तिला म्हटलं नाही. इथे लिहिलं, बास.

रविवार, १९ जानेवारी

दुकान बंद होतं. मुलाकडून किल्ली मागून घेतली आणि खारूताईला नेलं. नाक मुरडत आली, रुमाल लावून.

मागच्या खोलीच्या भिंतीत बाहेरून पाणी झिरपतं. वर्षानुवर्षं अर्धी ओली, अर्धी कोरडी, आणि दिसायला सगळी सारखी, कारण तिच्या आजोबांनी हट्टाने रंग फासलाय. मी तिला म्हटलं, डोळे मीट. आता तळहात लाव. हळूहळू पुढे जा. ओल कुठे सुरू होते तिथे थांब.

पहिल्यांदा हातभर चुकली. दुसऱ्यांदा वीतभर. मग मी म्हटलं, तळहाताने नको, बोटांच्या मागच्या बाजूने बघ, तिथली कातडी खरं बोलते. तिसऱ्यांदा बरोब्बर थांबली. "इथे गार लागतंय, आजी."

"आता वास घे."

"ईऽ. कोंदट."

"आता बोटाने टकटक कर. आवाज बद्द येतो की खणखणीत?"

तीस वर्षं मी त्या गल्ल्याच्या मागे काढली. माणसं यायची, शेड कार्ड उघडून बसायची. हा पिवळा, तो निळा. मी आधी विचारायचे, भिंत कशी आहे? ऊन लागतं का? पाणी झिरपतं का? आधीचा रंग कुठला? त्यांना वाटायचं म्हातारी भोचक आहे. तेव्हा म्हातारी नव्हते, नुसती भोचक होते.

खारूताईने विचारलं, "आणि ओल सापडली तर काय लावायचं?"

"काही नाही. वाळेपर्यंत थांबायचं."

"पण गिऱ्हाईक घाईत असलं तर?"

"गिऱ्हाईक घाईत असतं. भिंतीला कसली घाई?"

हे मी तिला सांगितलं. मी. तारखेसकट लिहून ठेवते.

मग तिथेच, डब्यांच्या मध्ये स्टुलावर बसवून तिने माझा चेहरा बोटांच्या मागच्या बाजूने तपासला. कपाळ, नाक, गाल, हनुवटी. कागद नाही, काही नाही. बराच वेळ. कुणी इतक्या वेळ माझ्या तोंडाला हात लावला नव्हता. मी म्हटलं, "झालं का? की दार ठोठावणारेस?"

"कोरडी," ती म्हणाली. "आणि डाव्या गालावर जास्त. तू डाव्या कुशीवर झोपतेस ना?"

झोपते. कसं कळलं हिला!

बुधवार, २२ जानेवारी

आज केला तिने मेकअप, घरी. आधी क्रीम, आणि मग दहा मिनिटं नुसतं बसवलं. मुरू दे म्हणाली. फाउंडेशन ओलसर, थेंबभर. कुठली छटा जुळते हे बघायला मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघितलं, तेही खिडकीत, बल्बखाली नाही. (शेड कार्डसुद्धा मी नेहमी रस्त्यावर नेऊन दाखवायचे!) पावडर जवळजवळ नाहीच. "सुरकुत्यांत जाऊन बसते," म्हणाली. गालाला क्रीमचा रंग, बोटाने.

हसले. मोठ्याने हसले. काही पडलं नाही.

मुलगा दुकानातून आला, जेवायला बसला, माझ्याकडे दोनदा बघितलं. म्हणाला, "आई, आज बरी झोप लागली वाटतं तुला?"

खारूताईने माझ्याकडे बघून डोळा मारला. सूनबाई लगेच, "माझी पण बघ ना गं." बघितली. नाक तेलकट, गाल कोरडे. मिश्र. मी म्हटलं, हे तर मी बावीस वर्षांपूर्वीच सांगितलं असतं, स्वभावावरून. तर आमटीत मीठ कमी आलं मला.

रविवार, २६ जानेवारी

मुलाने दुकानात दुसरं स्टूल आणलं. नवीन, उंच, लाल बैठकीचं. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाला, "असू दे."

खारूताईने बघितलं. वही घेऊन गच्चीवर गेली.

मंगळवार, २८ जानेवारी

आता सगळं नीट लिहिते, नाही तर उद्या प्रत्येकजण आपापलं सांगेल.

सकाळी गुडघ्यांना तेल नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले होते, उगाच कुठे जायला नकोत.

परीक्षा घ्यायला बाहेरच्या बाई आल्या होत्या. उंच, टाचांचे बूट, आणि चेहरा — काय सांगू! लांबी, अस्तर, दोन हात रंग आणि वर पॉलिश. एक रेघ हलत नव्हती. वय तीस म्हणा की साठ, कुणालाही पत्ता लागणार नाही. टेबलापाशी बसल्या आणि पहिलंच वाक्य, "मॉडेल अदलाबदल होणार. महिनाभर आपापल्या आज्ज्यांवर गिरवून आला आहात, ते मला माहीत आहे. चिठ्ठ्या उचला."

एवढं शिकवलेलं तोंड, आणि ते दुसरीच्याच हातात!

आणि माझी चिठ्ठी कुणाच्या हातात? त्या लांब नखांच्या मुलीच्या. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पार पांढरीफटक. तिला पोपडा आठवला असणार. "आजी, तुमची त्वचा कशी आहे?"

खरं सांगते, जीभ वळवळली. नुसतं 'तेलकट' म्हटलं असतं तर काम तमाम होतं तिचं. पण बघितलं तर तिने नखं कापली होती. अगदी मुळापासून, वेडीवाकडी, रात्रीतून कापल्यासारखी. मी म्हटलं, "कोरडी. डावा गाल जास्त. पावडर जपून लाव."

तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी तिला किडनी दिली.

खारूताईच्या वाट्याला आली एक बेकरीवाली बाई. जाडजूड, पासष्टीची, गोड. मला आरशातून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. म्हाताऱ्यांना नको ते नेमकं ऐकू येतं.

खारूताईने तिचा चेहरा पुसला. बोटांची मागची बाजू लावली. कपाळ, नाक, गाल. गालावर थांबली. पुन्हा लावली.

"काकू, आज चेहऱ्याला काय केलंत?"

"काही नाही गं. रोज भट्टीपुढे असते ना, लाल होतो. आज परीक्षेला यायचं, चांगलं दिसावं, म्हणून घासून घेतला."

"कशाने?"

"त्या खरखरीत दगडाने. टाचा घासायच्या."

"चेहरा?"

"मऊ हाताने घासला हो!"

खारूताईने पुन्हा हात लावला. मग थंड पाण्यात कापड भिजवून पिळलं आणि बाईच्या गालांवर ठेवलं. साधं, बिनवासाचं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितलं, थांबली, मग गालावर थेंबभर. आणि मग — हात खाली. डब्या मिटल्या. उभी राहिली.

सगळ्या मुली रंगवतायत आणि ही उभी! मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्या ओठांना त्या मुलीचा ब्रश लागला होता.

परीक्षक बाई आल्या. "झालं? मेकअप कुठे आहे?"

"मॅडम, आज ह्यांना मेकअप करायचा नाही."

"म्हणजे?"

"कातडी सोलवटलीय. गाल तापलेत. आज फाउंडेशन लावलं तर उद्या फोड येतील. चार दिवसांनी करता येईल. तेव्हा काय लावायचं ते मी ह्या कागदावर लिहिलंय."

"हा दवाखाना नाही. परीक्षा आहे. लालसर त्वचेवर हिरवट कन्सीलर लावतात, शिकवलं नाही का?"

"शिकवलंय. झाकलं जाईल. पण खाली आग होत राहील."

"आठ मिनिटं आहेत तुझ्याकडे. लावतेस की नाही?"

बेकरीवाली बिचारी म्हणाली, "लाव गं बाळा, मला काही होत नाही. पोळण्याची सवय आहे मला."

खारूताईने डबी उचलली. हातात धरली. मी आरशात तिचा चेहरा बघत होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं झालं, कारण मी मान हलवून 'लाव' म्हटलं असतं. देवाशप्पथ, म्हटलं असतं. लाव आणि सूट, म्हटलं असतं.

डबी खाली ठेवली तिने. "नाही मॅडम."

परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

बुधवार, २९ जानेवारी

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. भांडी तेवढी बोलतायत.

शुक्रवार, ३१ जानेवारी

निकाल लागला. 'काम अपूर्ण. अनुत्तीर्ण.'

लांब नखांची, म्हणजे आता आखूड नखांची, पहिली आली. माझ्या तोंडावर!

मुलगा माझ्यावर घसरला. "तुझ्या त्या भिंतीच्या गोष्टी! पोरीने गपचूप लावलं असतं तर आज पास होती. थांबायचं म्हणे! शिकवलंस ना? आता बस थांबून."

मी उठून खारूताईकडे गेले.

खारूताईला म्हटलं, "माझं चुकलं का गं?"

म्हणाली, "तुझं कशाला? हात माझा होता." मग थोड्या वेळाने, "तापलेलाच होता गं तो गाल, आजी."

शनिवार, १ फेब्रुवारी

लाल स्टुलावर बसली. रुमाल नाकाला. मी दुपारी डबा घेऊन गेले तर डब्यांची झाकणं पुसत होती. एकेक. माझ्याकडे बघून हसली, तर मला तिथून निघून यावं लागलं. गुडघे दुखत होते म्हणून.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दुकानात तमाशा. एक गृहस्थ आले, बैठकीच्या खोलीला रंग हवा, आजच्या आज. खारूताईने विचारलं, भिंत ओली आहे का? म्हणाले, थोडी. तर ही म्हणते, "मग आज नका नेऊ. आधी गळती बघा, वाळू द्या, महिन्याने या."

गेले! रिकाम्या हाताने गेले! मुलगा डोक्याला हात लावून बसला. "आई, ही दुकान बंद पाडणार."

मी म्हटलं, "माझ्यावर गेलीय."

"तेच म्हणतोय मी!"

पण संध्याकाळी चहा पिताना तो आपल्याशीच पुटपुटला, "गेल्या वर्षी ह्याच माणसाने पोपडे निघाले म्हणून माझ्याशी भांडण केलं होतं." आणि बिस्किटाचा पुडा खारूताईकडे सरकवला. आमच्याकडचे पुरुष असेच, कौतुक पुड्यात गुंडाळून देतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बेकरीवाली रस्त्यात भेटली. म्हणाली, नातीने लिहून दिलेला कागद तिने भट्टीच्या वर चिकटवलाय. गाल बरे दिसले. कुणीतरी बेकरीत येऊन तो कागद वाचत उभं होतं, मुलीचा पत्ताही विचारला, म्हणाली. मी म्हटलं, कोण? "तोंड झाकलेलं होतं हो. पाव घ्यायलाच विसरली."

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारी दुकानात मी एकटीच पुढे होते. मुलगा जेवायला गेलेला, खारूताई मागे डबे लावत होती. एक बाई आली, स्कार्फमध्ये नाकापर्यंत गुंडाळलेली. म्हणाली, भिंतीचा रंग बघायचाय. शेड कार्ड दिलं. उलटंच धरून बसली. मी विचारलं, "भिंत कशी आहे?" तर तिने स्कार्फ सोडला.

मी ओळखलंच नाही! अंगावर काही नसलेला चेहरा. लालबुंद, कपाळावर पुरळ, गालांची सालं निघालेली. परीक्षक बाई!

खाली बघून म्हणाल्या, "वीस वर्षं रोज लावतेय. आता रात्री पुसलं की आग होते. कुणाला दाखवायची सोय नाही... ती मुलगी आहे का?"

मी लाल स्टूल पुढे सरकवलं आणि आत हाक मारली, "खारूताई, बाहेर ये. गिऱ्हाईक आलंय. नाही गं, दुकानाचं नाही — तुझं."